रिमोट लागत नाही? काढून परत टाकण्याआधी हे क्रमाने तपासा

"दादा, ॲनीडेस्क लागत नाय. मी काढून परत टाकलं, तरी लागत नाय."

पावसाळ्यात असा फोन आठवड्याला एकदा तरी येतो. ॲनीडेस्क म्हणजे दूरच्या संगणकाचा पडदा आपल्याकडे उघडून तो चालवायचं सॉफ्टवेअर, यालाच आम्ही नुसतं "रिमोट" म्हणतो. पहिल्या वाक्याचं मला काही वाटत नाही, दुसरं ऐकलं की पोटात गोळा येतो. सॉफ्टवेअर काढताना त्याच्या सेटिंगही पुसल्या गेल्या असतील तर आयडी (त्या मशीनला जोडायचा नंबर) नवा होतो, कोणी समोर नसताना आत शिरायचा पासवर्ड जातो, आणि मुळात बिघाड कुठे होता ते कळायची खूणही जाते. मूळ दोष मात्र बहुतेक वेळा केबलमध्ये नाहीतर राउटरमध्ये तसाच बसलेला असतो.

मी गुहागरात राहतो आणि दापोलीकडच्या काही ऑफिसांचे संगणक सांभाळतो. मध्ये वाशिष्ठीची खाडी. तिकडे जाऊन एक बटण दाबायचं तरी धोपाव्याला फेरीबोट धरून दाभोळला उतरायचं आणि पुढे चढ चढायचा, म्हणजे अर्धा दिवस गेला. म्हणून फोनवरूनच निदान करायची सवय लागली. त्यातून ठरलेला हा क्रम आहे. तो खालून वर जातो: वीज, केबल, आयपी (नेटवर्कवरचा मशीनचा पत्ता), पोर्ट (त्या पत्त्यावरचं दार), फायरवॉल (दारावरचा पहारेकरी), लॉगिन, आणि शेवटी पडदा. मधली पायरी गाळू नका आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन गोष्टी एकदम बदलून चालू झालं तर कशामुळे झालं ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पुढे "इकडचं मशीन" म्हणजे तुम्ही ज्यावरून बघताय ते आणि "तिकडचं मशीन" म्हणजे ज्याच्यात शिरायचंय ते. कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप मात्र इंग्रजीतच करायच्या.

आधी हे ओळखा: तुमचं रिमोट कुठल्या जातीचं?

यात गफलत झाली की पुढचं सगळं चुकतं. दोन जाती आहेत.

पहिली थेट जाणारी. विंडोजचं स्वतःचं रिमोट डेस्कटॉप आणि टाइटव्हीएनसी, अल्ट्राव्हीएनसी ही व्हीएनसीची भावंडं. ही तिकडच्या मशीनचा आयपी घेऊन सरळ त्याच्या दारावर जातात. रिमोट डेस्कटॉपचं दार म्हणजे पोर्ट ३३८९, व्हीएनसीचं ५९००. एकाच ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यांना इंटरनेट लागतच नाही. इंटरनेट बंद आणि रिमोटही बंद, असं यांच्या बाबतीत दिसलं तर दोष राउटरचा किंवा स्विचचा (ऑफिसातल्या नेटवर्कच्या केबली एकत्र जोडणारा डबा) असायची शक्यता जास्त.

दुसरी आयडीवाली. ॲनीडेस्क, टीमव्ह्यूअर, रस्टडेस्क. दोन्ही मशीन आपापल्या बाजूने मधल्या सर्व्हरकडे जातात आणि तो दोघांची गाठ घालून देतो. यांना दोन्हीकडे इंटरनेट हवं. पोर्ट उघडायची भानगड सहसा येत नाही.

पहिल्या जातीचं बंद असेल तर टप्पा ३ ते ६ नीट करा. दुसऱ्या जातीचं असेल तर ३ आणि ४ करून थेट ७ वर या.

टप्पा १: बिघाड व्हायच्या आधीची तयारी

सगळं सुरळीत चालू असतानाच्या एखाद्या दुपारी हे करून ठेवा.

१. एक साधी वही करा. प्रत्येक मशीनसाठी एक पान: संगणकाचं नाव, आयपी, नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा स्वतःचा ओळख नंबर), विंडोज होम की प्रो, कुठलं रिमोट सॉफ्टवेअर आणि त्याचा आयडी, केबल स्विचच्या कितव्या खाचेत आहे, आणि त्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाचा मोबाइल. एक्सेलमध्ये ठेवलीत तर छापून ठेवा. ती फाइल त्याच मशीनवर ठेवून नेमकी गरज पडेल तेव्हा हात चोळत बसलेले लोक मी पाहिलेत. पासवर्ड या वहीत नकोत.

२. तिकडच्या मशीनचा आयपी पक्का करा. राउटरच्या डीएचसीपी (मशीनना आपोआप आयपी वाटायची सोय) पानावर मॅक पत्ता देऊन आयपी राखून ठेवता येतो, ते सगळ्यात बरं. मशीनमध्येच पक्का आयपी घालणार असाल तर राउटर आपोआप वाटतो त्या आकड्यांच्या बाहेरचा घ्या.

३. आत शिरायच्या दोन वाटा ठेवा, आणि त्या वेगवेगळ्या जातीच्या. ॲनीडेस्कला जोडीला टीमव्ह्यूअर ठेवलं तर इंटरनेट गेल्यावर दोन्ही एकदम बसतात.

४. पॉवर सेटिंगमध्ये "स्लीप" कायमचं बंद करा. नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करू देणारी खूण असते, तीही काढा.

५. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची मूळ सेटिंग) वीज परत आल्यावर मशीनने आपोआप सुरू व्हावं अशी सेटिंग असते. ती चालू करा.

६. यूपीएस कशाकशाला आहे ते डोळ्यांनी बघून या. दहापैकी सात ठिकाणी संगणकाला यूपीएस असतो आणि राउटर न् स्विच भिंतीतल्या उघड्या प्लगवर. दिवे गेले की पीसी चालू, नेटवर्क आडवं. राउटर आणि स्विच फारच थोडी वीज खातात, त्यांना आधी यूपीएसवर घ्या.

पडताळणी: मशीन रिस्टार्ट करा, कोणालाही लॉगिन करू देऊ नका, आणि बाहेरून लावून बघा. लागलं नाही तर तयारी अपुरी आहे.

टप्पा २: फोनवर काय विचारायचं

"चालत नाही" हे लक्षण नव्हे. पडद्यावर आलेला संदेश जसाच्या तसा हवा. तिकडच्या मॅडमना सांगा, "वाचू नका, फोटो काढून पाठवा." वाचताना माणूस आपल्या मनाने भाषांतर करतो आणि "कनेक्शन रिफ्यूज्ड" आणि "टाइम आउट" या दोघांचं "कनेक्ट होत नाही" होऊन जातं. खरं तर त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नकार आला म्हणजे तिकडचं मशीन जिवंत आहे, त्याने "या दारावर कोणी नाही" असं सांगितलंय. टाइम आउट म्हणजे हाकेला ओ आलीच नाही: मशीन बंद, आयपी चुकीचा किंवा फायरवॉलने हाक गिळली.

मग चार प्रश्न. कालपर्यंत चालत होतं का? मध्ये काय बदललं: नवा राउटर, नवा अँटिव्हायरस, विंडोजचं अपडेट, टेबलाची हलवाहलव? एकच मशीन लागत नाही की सगळीच? आणि ऑफिसमधल्याच दुसऱ्या संगणकावरून ते लागतं का?

चौथा प्रश्न सोन्यासारखा. आतून लागतं आणि बाहेरून नाही, तर दोष इंटरनेटच्या बाजूला. आतूनही लागत नाही, तर दोष त्या मशीनमध्ये किंवा त्याच्या केबलमध्ये. अर्धं रान एका प्रश्नात साफ.

सावधान: हे सगळं उलट्या दिशेने आलं तर फोन ठेवा. "बँकेतून बोलतोय, ॲनीडेस्क टाका आणि नंबर सांगा" या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच इशारा दिला होता. तुम्ही ज्यांची मशीन सांभाळता त्यांना सांगून ठेवा की आयडी फक्त ओळखीच्या आवाजालाच द्यायचा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला फोन.

टप्पा ३: वीज, केबल आणि दिवे

कोकणात हा टप्पा घाटावरच्यापेक्षा मोठा आहे, म्हणून इथे थांबा.

केबल जिथे संगणकात शिरते तिथे दोन छोटे दिवे असतात. एक स्थिर, एक लुकलुकणारा. दोन्ही विझलेले असतील तर पुढचं काहीही तपासू नका. केबल काढून तिचं टोक उजेडात धरायला सांगा. पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये आठ सोनेरी पट्ट्या दिसतात. समुद्राकडच्या ऑफिसात वर्ष-दोन वर्षांत त्या पट्ट्यांवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो, तांब्याच्या भांड्यावर चढतो तसाच. खारी हवा आणि दमट पावसाळा, दुसरं काय. त्या थराची गंमत अशी की केबल पूर्ण मरत नाही. दिवे लागतात, मधूनच विझतात, रिमोट दोन मिनिटं चालतं आणि तुटतं. केबल दोन-तीनदा काढून घातली की थर घासला जाऊन चालू होतं, आणि लोक म्हणतात "आपोआप सुरू झालं". आठवड्याने परत तेच. टोक कापून नवा कनेक्टर बसवा किंवा नवी केबल टाका.

खाचेतही बॅटरी मारून बघायला सांगा. मुंग्या आणि पालीची अंडी दोन्ही मी पाहिली आहेत.

दुसरा खास इथला प्रकार विजेचा. वळवाचा पाऊस आला, गडगडायला लागलं की ऑफिसात सगळ्या केबली उपटायची पद्धत आहे. पद्धत चांगलीच आहे, विजेने नेटवर्क कार्डाची खाच जळलेली मशीन दर वर्षी येतात. अडचण होते ती परत लावताना. एका ऑफिसात संध्याकाळी शिपायाने सगळ्या केबली परत खोचल्या. एक सुटी केबल टेबलाखाली लोंबत होती, तिचीही दोन्ही टोकं त्याने नेटकेपणाने त्याच स्विचमध्ये घातली. झालं, माहिती गोल गोल फिरायला लागली आणि सगळं नेटवर्क ठप्प. इंटरनेट नाही, प्रिंटर नाही, रिमोट तर नाहीच. तिघांनी मिळून तीन मशीनचं सॉफ्टवेअर काढून परत टाकलं होतं. मला फोनवर कळलं ते एका वाक्यावरून: "स्विचचे सगळे दिवे एकदम लुकलुकतायत, एका तालात." हे दिसलं की ओळखायचं. सगळ्या केबली काढा, आधी राउटरची लावा, मग एकेक मशीन, प्रत्येक वेळी दहा सेकंद थांबून.

पडताळणी: कार्डाचे दिवे लागत नसतील तर तीच केबल शेजारच्या मशीनला लावून बघा. तिथे लागले तर मशीनची खाच गेली, नाही लागले तर केबल गेली किंवा स्विचमधली तिची खाच. मशीनची खाच गेली असेल तर यूएसबीला लावायचं लॅन ॲडॉप्टर तात्पुरतं काम भागवतं. मात्र त्याचा मॅक पत्ता वेगळा, म्हणजे राउटरमध्ये राखलेला आयपी त्याला मिळणार नाही.

टप्पा ४: आयपी

तिकडच्या मशीनवर कमांड प्रॉम्प्ट उघडून "आयपीकॉन्फिग" टाइप करायला सांगा आणि फोटो मागवा. आकडा बघा.

१६९.२५४ ने सुरू होत असेल तर मशीनला राउटरने आयपी दिलेलाच नाही, त्याने आपल्या मनाने घेतलाय. परत टप्पा ३ वर जा: केबल, स्विच, राउटर.

दोन्ही मशीन एकाच ऑफिसात असूनही इकडचं १९२.१६८.१ मध्ये आणि तिकडचं १९२.१६८.० मध्ये असेल तर मध्ये दुसरा राउटर आहे. कोणीतरी वायफाय वाढवायला घरचा जुना राउटर आणून जोडलाय आणि त्याने आपलं वेगळं नेटवर्क थाटलंय. त्याला ॲक्सेस पॉइंट म्हणून (वेगळं नेटवर्क न थाटता नुसतं वायफाय पसरवणारा) लावा किंवा दोन्ही मशीन एकाच राउटरखाली आणा. लॉजमध्ये पाहुण्यांसाठी "गेस्ट" वायफाय असतं, त्यावर बसलेल्या लॅपटॉपला ऑफिसची मशीन मुद्दामच दिसू दिलेली नसतात. तिथून रिमोट लागत नाही हे बरोबरच आहे, ते दुरुस्त करायला जाऊ नका.

आकडा बरोबर दिसतोय पण वहीतल्यापेक्षा वेगळा? दिवे जाऊन आल्यावर राउटरने नवा वाटला. टप्पा १ मधली दुसरी गोष्ट राहिली होती, एवढाच अर्थ.

आता पिंग, म्हणजे दुसऱ्या मशीनला हाक मारून उत्तर येतं का बघणारी कमांड. क्रम असा: आधी राउटर, मग तिकडचं मशीन, मग बाहेरचा ८.८.८.८ (गूगलचा सर्व्हर), आणि सगळ्यात शेवटी एखादं संकेतस्थळ नावाने. राउटर मिळतो, ८.८.८.८ मिळतो, पण नाव मिळत नाही, तर डीएनएस (नावावरून आयपी शोधून देणारी सोय) बिघडलंय. अशा वेळी आयपीने जाणारं रिमोट डेस्कटॉप चालतं आणि ॲनीडेस्क चालत नाही. लोक मग ॲनीडेस्कला शिव्या घालतात.

इथे एक चूक जवळजवळ सगळेच करतात. पिंगला उत्तर आलं नाही की "मशीन बंद आहे" म्हणून मोकळे होतात. विंडोजचं फायरवॉल पिंगला उत्तर द्यायचं कित्येकदा नाकारतं. खरं काय ते बघायला पिंग मारल्यावर लगेच "आर्प -ए" टाइप करा. यादीत त्या आयपीसमोर मॅक पत्ता आला तर त्या आयपीवर कोणीतरी जिवंत आहे, फक्त बोलत नाही. मॅक आलाच नाही तर खरंच कोणी नाही. ही युक्ती एकाच नेटवर्कमध्ये चालते, राउटरपलीकडे नाही.

आलेला मॅक वहीतल्याशी ताडून बघा. जुळला नाही तर एकाच आयपीवर दोघं बसलेत. यात नेहमीचा गुन्हेगार सीसीटीव्हीचा डीव्हीआर, नाहीतर हजेरीचं बोटाचं मशीन. बसवणारा माणूस हाताला येईल तो आयपी पक्का घालून निघून जातो. रिमोट कधी लागतं, कधी नाही, आणि डीव्हीआर बंद केला की बरं चालतं, असं दिसलं तर शंकाच नको.

टप्पा ५: पोर्ट आणि सेवा

मशीन जिवंत आहे, आयपी बरोबर आहे. आता दारावर कोणी आहे का?

तिकडे: कमांड प्रॉम्प्टमध्ये "नेटस्टॅट -एएनओ" टाइप करून यादीत ३३८९ शोधायला सांगा (व्हीएनसी असेल तर ५९००). समोर "लिसनिंग" हवं.

इकडे: पॉवरशेल उघडून "टेस्ट-नेटकनेक्शन", जागा सोडून तिकडचा आयपी, मग "-पोर्ट ३३८९". खालच्या ओळीत "ट्रू" किंवा "फॉल्स" येतं.

तिकडे लिसनिंग नाही: सेवा (कोणी लॉगिन नसतानाही मागे चालू राहणारा प्रोग्राम) बंद आहे. रिमोट डेस्कटॉप असेल तर सेटिंगमध्ये ते चालू आहे का बघा, मग सर्व्हिसेसच्या यादीत "रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस" चालू आहे का बघा. आणि त्याच्याही आधी विंडोज होम आहे की प्रो ते बघा. होममध्ये रिमोट डेस्कटॉपने दुसरीकडे जाता येतं, पण दुसऱ्याला आपल्यात घेता येत नाही. या एका गोष्टीवर लोकांनी दोन-दोन दिवस घालवलेत. इंटरनेटवरच्या "होममध्येही चालवा" छापाच्या फायली टाकू नका, दर अपडेटला त्या मोडतात आणि त्यात काय भरलंय कोण सांगणार.

व्हीएनसीचा नेहमीचा घोळ वेगळा. ते सेवा म्हणून न बसवता साधा प्रोग्राम म्हणून चालवलेलं असतं. माणूस लॉगिन झाला की चालू, रिस्टार्टनंतर कोणी लॉगिन करेपर्यंत मेलेलं. "सकाळी दहानंतर लागतं, आधी लागत नाही" अशी तक्रार आली की हेच.

तिकडे लिसनिंग आहे, इकडे फॉल्स: मध्ये फायरवॉल आहे. टप्पा ६.

इकडे ट्रू, तरी शिरता येत नाही: नेटवर्कचा प्रश्न संपला. केबलीला हात लावू नका, टप्पा ८ वर जा.

टप्पा ६: फायरवॉल

नवा राउटर बसवला की विंडोजला ते अनोळखी नेटवर्क वाटतं आणि ते त्याला "पब्लिक" ठरवतं. पब्लिक म्हणजे एसटी स्टँडवरचं वायफाय समजून मशीन दारं लावून बसतं. बऱ्याच सॉफ्टवेअरचे परवानगीचे नियम "प्रायव्हेट"पुरतेच असतात. म्हणून राउटर बदलला आणि सगळ्या मशीनचं रिमोट एकदम गेलं, तर सेटिंगमध्ये नेटवर्कचा प्रकार बघा. ऑफिसचं स्वतःचं नेटवर्क असेल तर तो प्रायव्हेट करा.

तरी लागत नसेल तर फायरवॉलच्या परवानगीच्या यादीत आपल्या सॉफ्टवेअरसमोर खूण आहे का बघा. बाहेरचा अँटिव्हायरस असेल तर त्याचं स्वतःचं फायरवॉल असतं, विंडोजमध्ये केलेली परवानगी त्याला लागू होत नाही. अँटिव्हायरसची मुदत वाढवली किंवा नवा टाकला आणि त्याच दिवशी रिमोट गेलं, तर शोध तिथेच संपतो.

सावधान: फायरवॉल पूर्ण बंद करणं हा उपाय नव्हे, फार तर एका मिनिटाची चाचणी. बंद केल्यावर लागलं तर लगेच चालू करा आणि तेवढ्याच प्रोग्रामला परवानगी द्या. चालतंय ना, म्हणून तसंच सोडून गेलेली मशीन मला महिन्यांनी सापडतात.

सावधान: फायरवॉल, आयपी आणि नेटवर्क कार्ड या तीन गोष्टी रिमोटवरून बदलू नका. ज्या फांदीवर बसलोय तीच तोडण्यातला प्रकार. बदलायच्याच असतील तर तिकडे माणूस फोनवर हवा आणि जुने आकडे त्याच्याकडे कागदावर लिहिलेले हवेत. शहाणपण शिकवतोय, पण मी स्वतः एका शुक्रवारी संध्याकाळी रिस्टार्टऐवजी शट डाउन दाबलंय. ऑफिसला कुलूप. शनिवारी सकाळी धोपाव्याच्या जेटीवर उभा होतो.

टप्पा ७: आयडीवाल्यांचं वेगळं

तिकडच्या मशीनवर ब्राउझरमध्ये एखादं पान उघडतं का? नाही, तर सॉफ्टवेअरचा काही संबंध नाही. उघडतं, तर हे बघा.

घड्याळ. खालच्या कोपऱ्यात तारीख आणि वर्ष बघायला सांगा. मदरबोर्डवरची बटण बॅटरी संपली की वीज गेल्यावर मशीन जुन्या वर्षात जातं. मग सुरक्षा प्रमाणपत्रं चुकीची ठरतात आणि मधल्या सर्व्हरशी बोलणंच होत नाही. उन्हाळ्यात दोन महिने चालून पावसाळाभर बंद राहणाऱ्या आंब्याच्या पॅकिंग शेडमधल्या मशीनला हे हमखास होतं. सीआर २०३२ नावाची गोल बॅटरी, घड्याळवाल्याकडे मिळते.

आयडी. एका मशीनची हार्डडिस्क कॉपी करून दुसरं मशीन तयार केलं असेल तर दोघांचा आयडी एकच होऊ शकतो. लावता एकाला, उघडतं दुसरंच.

बसवलंय की नुसतं चालवलंय? ॲनीडेस्कची डाउनलोड केलेली फाइल तशीच उघडून काम चालतं, म्हणून लोक बसवत नाहीत. मग रिस्टार्टनंतर ते गायब, आणि विंडोज परवानगी विचारतं तेव्हा तुमच्याकडे पडदा गोठतो.

आवृत्ती. दोन्हीकडे फार अंतर नको.

बाहेर जाणारी वाट. ॲनीडेस्क ८०, ४४३ आणि ६५६८ या पोर्टांवरून बाहेर जातं, टीमव्ह्यूअर आधी ५९३८ बघतं आणि मग ४४३, ८०. ऑफिसच्या राउटरवर कडक नियम असतील तर हे आकडे तिथे दाखवा.

आणि एक वारंवार येणारा प्रश्न: "राउटरमध्ये ३३८९ पोर्ट बाहेर उघडला, तरी घरून रिमोट डेस्कटॉप लागत नाही." राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुमच्या कंपनीने एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलाय, बाहेरून तुमच्यापर्यंत वाटच नाही. खरं तर तुमचं नशीब चांगलं. ३३८९ इंटरनेटवर उघडा टाकला की जगभरातून पासवर्ड आजमावणारे काही तासांत दारावर येतात. घरून हवंच असेल तर वायरगार्ड किंवा टेलस्केलसारखं व्हीपीएन (इंटरनेटमधून जाणारी खासगी, बंदिस्त वाट) घ्या आणि त्याच्या आतून रिमोट डेस्कटॉप लावा.

टप्पा ८: लॉगिन

चार आकडी पिन रिमोट डेस्कटॉपला चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड लागतो. रोज पिननेच उघडणाऱ्या माणसाला तो आठवतही नसतो. खात्याला पासवर्डच नसेल तर विंडोज रिमोटने आत घेत नाही, ती त्याची मुद्दाम ठेवलेली अट आहे. खातं ॲडमिन नसेल तर त्याला "रिमोट डेस्कटॉप यूजर्स" या गटात घालावं लागतं.

पासवर्ड शंभर टक्के बरोबर आणि तरी चुकीचा म्हणतंय? कीबोर्डची भाषा बघा. पत्र टाइप करायला मराठी लावलेलं असतं आणि पासवर्डच्या ठिपक्यांत ते दिसत नाही. ज्या ऑफिसांत मराठीत पत्रव्यवहार चालतो तिथे निम्मे "पासवर्ड चुकला" हेच. दोनदा चुकला की थांबा. सारखं ठोकत राहिलात तर खातं काही वेळ कुलूपबंद होतं आणि मग बरोबर पासवर्डही चालत नाही.

संदेशात "क्रेडएसएसपी" असा शब्द दिसला तर एक मशीन अपडेट झालंय आणि दुसरं २०१८ च्या आधीच्या अवस्थेत अडकलंय. दोन्ही अपडेट करा. सुरक्षा ढिली करायची रजिस्ट्री युक्ती सगळीकडे मिळेल, ती नको.

शिवाय साध्या विंडोजवर रिमोट डेस्कटॉपने तुम्ही शिरलात की समोर बसलेल्या माणसाचा पडदा लॉक होतो. "दादा, माझं काम गेलं काय हो?" असा घाबरलेला फोन येतो. काम गेलेलं नसतं. पण समोरच्याला काही दाखवून द्यायचं असेल तर आयडीवालं सॉफ्टवेअरच वापरा.

टप्पा ९: लागतं, पण पडदा काळा

तिकडे मॉनिटर बंद आहे किंवा लावलेलाच नाही, तर काही ग्राफिक कार्डं चित्रच तयार करत नाहीत. एचडीएमआयचा खोटा प्लग मिळतो, तो लावला की मशीनला मॉनिटर आहे असं वाटतं. लॅपटॉप असेल तर झाकण मिटल्यावर काय करायचं ती सेटिंग बघा. आधी कोणी रिमोट डेस्कटॉपने शिरून तसंच सोडून गेलं असेल तर आयडीवाल्यात काळं दिसू शकतं. तिकडच्या माणसाला समोरून एकदा लॉगिन करायला सांगा.

अडकत अडकत चालत असेल तर "पिंग", आयपी, "-टी" दहा मिनिटं चालू ठेवा. आधी राउटरला, मग बाहेर. राउटरलाच उत्तरं गळत असतील तर वायफाय सोडून केबल लावा. बाहेरच गळत असतील तर चित्राची गुणवत्ता कमी करा. चित्र तिकडून इकडे येतं, म्हणून तिकडच्या इंटरनेटचा अपलोड वेग महत्त्वाचा, डाउनलोड कितीही असो.

टप्पा १०: आता काढून परत टाका

इथवर काही सापडलं नाही तरच. काढण्याआधी आयडीचा आणि सेटिंगच्या पानांचा फोटो घ्या. दुसरी वाट चालू आहे याची खात्री करा. फाइल मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा, शोधात वर येणाऱ्या जाहिरातीतून नको. पूर्ण बसवा, रिस्टार्टनंतर आपोआप चालू होईल असं ठेवा, नवा आयडी वहीत लिहा.

मग मशीन रिस्टार्ट करा, लॉगिन न करता तसंच सोडा, मोबाइलचं वायफाय बंद करून मोबाइलच्या इंटरनेटवरून लावून बघा. घरून शिरायची वाट अशीच तपासायची. नुसत्या ऑफिसमधल्या नेटवर्कवरून वापरायचं थेट जातीचं असेल तर शेजारच्या मशीनवरून बघा. पाच मिनिटं थांबून परत एकदा लावा. दोन्ही वेळा लागलं तर तारीख, दोष आणि उपाय त्या मशीनच्या पानावर एका ओळीत लिहा आणि तिकडच्या मॅडमना सांगा, टॅली उघडा.